टायरमधील हवा आणि ओल्या रस्त्यावरील पकड

बंगळुरू : सप्टेंबर २०२२ मधील मुसळधार पावसाने महादेवपुरा, बेळंदूर आणि बाह्य वळण रस्त्याचा परिसर जलमय झाला होता. खोल पाण्यात वाहन बंद पडते. मात्र रस्त्यावर पाण्याचा पातळ थर असेल, तर वेगातील वाहन घसरते. या घसरण्याचा टायरमधील हवेच्या दाबाशी निकटचा संबंध आहे.

तळहाताएवढा आधार

प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेकतो. वळणे, थांबणे, वेग घेणे या साऱ्या क्रिया त्यावरच अवलंबून असतात. दाब कमी झाल्यास भार टायरच्या कडांवर येतो, बाजूची भिंत सतत वाकून तापते आणि टायर फुटण्याचा धोका वाढतो. दाब प्रमाणाबाहेर वाढल्यास केवळ मधला पट्टा रस्त्याला टेकतो आणि पकड घटते.

पाण्यावर तरंगणारे चाक

टायरवरील खाचा पाणी बाजूला सारतात. वेग वाढला की त्यासाठी वेळ अपुरा पडतो व चाक पाण्यावर तरंगू लागते. अशा वेळी स्टिअरिंग आणि ब्रेक, दोन्ही निष्प्रभ ठरतात. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने १९६३ मध्ये विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून मांडलेल्या सूत्रानुसार हा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्या हिशेबाने ३२ पीएसआय दाबाला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर, तर २० पीएसआयला सुमारे ७५ किलोमीटर येतो. मोटारींसाठी हे आकडे ढोबळ आहेत. तरी दाब कमी तितका धोका लवकर, हे त्यातून स्पष्ट होते.

कोणती काळजी घ्यावी?

तापमान सुमारे साडेपाच अंशांनी उतरले, की दाब साधारण एक पीएसआयने घटतो. त्यामुळे बंगळुरूहून बेळगाव, कोल्हापूरकडे निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच दाब तपासावा. योग्य दाब बहुधा चालकाच्या दरवाजाजवळील पट्टीवर दिलेला असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरू नये.

खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी; झीज दर्शविणाऱ्या खुणांपर्यंत टायर झिजला असल्यास तो बदलावा. दाब कमी होताच इशारा देणारी यंत्रणा युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची केली. ती नसलेल्या गाडीत महिन्यातून एकदा व दूरच्या प्रवासापूर्वी चारही चाकांसह स्टेपनीतील हवा तपासणे, हाच खात्रीचा उपाय होय.