सौर छप्पर घ्यावे की गृहज्योतीवर राहावे?



निपाणी, संकेश्वर, खानापूर या बाजूंच्या कुटुंबांकडून अलीकडे आमच्याकडे एकच विचारणा पुनःपुन्हा होते : घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवावे काय? एजंट घरोघरी फिरतात, कागद दाखवतात आणि पंचवीस वर्षे बिलाची चिंता मिटली म्हणून सांगतात. त्यातच कागलच्या मेहुण्याने पॅनेल बसवलेले असते, त्याचे बिल उतरलेले असते, आणि घरात बोलणे सुरू होते की आपणच मागे का राहिलो.

हा प्रश्न मुळात दर बांधून घेण्याचा आहे. आज एकरकमी पैसे मोजून पुढील पुष्कळ वर्षांची वीज ठरलेल्या भावाने विकत घ्यायची, असा हा सौदा आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. ज्यांचे बिल आज शून्य येते त्यांनी कर्ज काढून पॅनेल बसवू नये. ज्या घरी दम्याच्या वा फुप्फुसाच्या रुग्णासाठी ऑक्सिजनचे यंत्र चालते, त्यांनी मात्र हा विचार लांबणीवर टाकू नये. असे का, ते पुढे पाहू.

प्रथम मेहुण्याची गोष्ट. कोगनोळीचा नाका ओलांडला की विजेचे गणितच बदलते. महाराष्ट्रात घरगुती विजेला टप्प्याटप्प्याने चढता दर आहे. २०२४-२५ साली तेथे पहिल्या १०० युनिटांस युनिटमागे ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यास १० रुपये २९ पैसे असा दर होता. वर प्रत्येक युनिटास १ रुपया १७ पैसे वहन आकार. म्हणजे महिन्याला १५० युनिटे जाळणाऱ्या घरास अकराशे साठ रुपये झाले, स्थिर आकार व वीज शुल्क वेगळेच. अशा घराने पॅनेल बसवले तर महागड्या टप्प्यातली युनिटे आधी वाचतात. मेहुणा शहाणपणाने वागला आहे.

आपल्याकडे तसे नाही. कर्नाटकात १ एप्रिल २०२४ पासून घरगुती विजेचे टप्पे गेले आणि सर्व युनिटांस ५ रुपये ९० पैसे असा एकच दर झाला. २०२५ च्या आदेशाने तो दहा पैशांनी उतरला. परंतु स्थिर आकार चढला आणि कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनापोटी युनिटमागे ३६ पैशांचा अधिभार बसला. तेव्हा या लेखात हिशेबाच्या सोयीसाठी आम्ही युनिटास ६ रुपये धरतो. कर व स्थिर आकार त्यावर.

शिवाय जुलै २०२३ पासून गृहज्योती आहे. तिचा नियम पुष्कळांना अर्धाच ठाऊक असतो. २०० युनिटे सर्वांना फुकट, असा तो नाही. २०२२-२३ या वर्षातील आपला महिन्याचा सरासरी वापर, अधिक त्याचे दहा टक्के, एवढी आपली मोफत मर्यादा. (अगदी थोडी वीज वापरणाऱ्या घरांना पुढे दहा टक्क्यांऐवजी सरसकट दहा युनिटे वाढवून मिळाली.) त्या मर्यादेपेक्षा वापर वाढला, पण २०० च्या आत राहिला, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. आणि २०० ओलांडले की त्या महिन्याचे संपूर्ण बिल आपल्या माथी. १९८ युनिटांचे घर आणि २०३ युनिटांचे घर यांत पाच युनिटांचा फरक, पण दुसऱ्याला हजार-बाराशेहून अधिक भुर्दंड. आमच्या मते आपल्या भागातील सारा निर्णय या दोनशेच्या उंबरठ्याभोवती फिरतो.

आता एक साधे घर घ्या. मोफत मर्यादा १३० युनिटे, वापर १६०. वरच्या ३० युनिटांचे महिन्याला १८० रुपये, वर्षाचे २,१६० होतात. एक किलोवॅटचे पॅनेल समजा ६५,००० रुपयांस पडले आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेचे ३०,००० अनुदान मिळाले, तरी पदरचे ३५,००० गेले. ते फिटायला सोळा वर्षे लागतील, आणि मध्यंतरी दहाएक वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल तो खर्च निराळा. कर्ज काढले असेल तर व्याज आहेच. ज्याचे बिल शून्य आहे त्याला तर वाचवायलाच काही नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात प्रभूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे. बांधायला घेण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज करणे हे तेथेही सुज्ञपणाचेच लक्षण मानले आहे.

दोनशेच्या किंचित वर असलेल्या घराचे काय? तेथेही पॅनेल ही पहिली पायरी नव्हे. २३० युनिटांचे बिल कर व स्थिर आकार धरून सतराशे-अठराशेच्या घरात जाते. जुना छतपंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज दहा तास चालणारा एक पंखा बदलला की महिन्याला साधारण १३ युनिटे वाचतात. तीन पंख्यांचे ४० धरा, घर दोनशेच्या खाली आले. दोन किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला ३० युनिटे खातो, आणि बादलीत टाकायची कॉईलही कमी खात नाही. अंगणातला बंब चिपाडांवर तापवणे वाईट नाही, मात्र बंब अंगणातच असावा. वीज वाचवण्यासाठी स्वयंपाकघरात धूर परत आणू नये. आपल्या माताभगिनींच्या फुप्फुसांनी तो पुष्कळ सोसला आहे.

किती युनिटे जातात हे मीटर न पाहता कळत नाही. शेतीपंपांच्या बाबतीत याचा अनुभव सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. महाराष्ट्रात १९७७ पासून पंपांना अश्वशक्तीवर ठोक दर आला. कर्नाटकात २००८ पासून दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत झाली. मोजणे थांबले, ऑटोस्विच लागले, वीज आली की मोटार आपोआप सुरू, मग पिकाला पाणी हवे असो वा नसो. (पंपाच्या लाईनवरून घराचे दिवे घेणारेही आहेत. ते बेकायदा आहे आणि जिवावरचेही, एवढे येथे नमूद करतो.) तेव्हा महिन्याच्या ठरावीक तारखेला मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहावा. हे काम मुलांना द्यावे, ती ते आवडीने करतात.

आता ज्या घरांसाठी आम्ही हा लेख मुख्यतः लिहीत आहोत त्यांच्याकडे वळू. तंबाखूच्या वखारींत आयुष्य गेलेली, छाती भरून येणारी वडीलधारी माणसे आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांपैकी काहींना डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावायला सांगितलेले असते, बहुधा दिवसाचे पंधरा तास किंवा अधिक. पाच लिटरचे यंत्र सुमारे ३५० वॅट घेते. पंधरा तासांचे सव्वापाच युनिटे, महिन्याचे १५७. घराची इतर ९० धरली तर २४७. हे घर दोनशेच्या आत राहूच शकत नाही. तरीही ते राहावे म्हणून यंत्र तासभर आधी बंद करण्याचा मोह घरच्यांना होतो, आणि आजी स्वतःच, माझ्यापायी बिल नको, म्हणून नळी काढून ठेवतात. हे कदापि होऊ देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेले तास हे औषधाच्या मात्रेसारखेच आहेत.

अशा घरी दर बांधून घेणे योग्य ठरते. दोन किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने महिन्याला २२० च्या आसपास युनिटे देते. समजा खर्च १,३०,०००, अनुदान ६०,०००, पदरचे ७०,०००. महिन्याला करासह साधारण १,४४० रुपये वाचतात. म्हणजे चार-साडेचार वर्षांत पैसे फिटले. आमच्या दृष्टीने त्याहून मोठा लाभ असा की नळी काढून ठेवायला कारण उरत नाही.

पण एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. बॅटरी नसलेले पॅनेल लाईन गेली की तेही बंद पडते, भर दुपारच्या उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती योजना मुद्दाम केलेली असते. म्हणून रुग्णासाठी बॅटरीचा इन्व्हर्टर किंवा भरलेला सिलिंडर घरात वेगळा हवाच.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. अनुदान पॅनेल सुरू झाल्यानंतर बँकेत जमा होते, तोवर सर्व रक्कम आपणच उभी करायची. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट, सावली नसलेली जागा लागते. नंदगड-खानापूरकडच्या कौलारू घरांनी आधी वासे-रिपा तपासाव्यात, आणि जून ते सप्टेंबर उत्पादन बरेच घटते हे धरून चालावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यास गृहज्योती मिळते, सौर छप्पर मात्र घरमालकाचेच. काम योजनेच्या यादीतील ठेकेदाराकडूनच घ्यावे. पाच वर्षांची देखभाल त्याच्यावर असते, तिचे कागद सांभाळावेत. ठरलेला भाव हा तो ठरवून देणाऱ्याइतकाच पक्का असतो. इंग्लंडात २०२१ साली गॅसचे भाव भडकले तेव्हा वीज-गॅस पुरवणाऱ्या कितीतरी कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्या ग्राहकांचे बांधलेले दरही त्यांबरोबर गेले. तिकडे नोकरीस असलेल्या आपल्या मुलांना हे विचारून पाहावे.

पॅनेल लावल्यावर आपली गृहज्योतीची मर्यादा कशी धरली जाईल, हे सही करण्यापूर्वी हेस्कॉमच्या उपविभागीय कार्यालयात लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. ज्यांना घ्यायचे आहे त्यांना तेवढी घाई आहे, इतरांना मुळीच नाही.

ज्या कुटुंबांत ऑक्सिजनचे यंत्र आहे त्यांनी मागील बारा महिन्यांची बिले घेऊन रविवारच्या मिस्सेनंतर धर्मगुरुनिवासात यावे. हिशेब आपण एकत्र बसून करू. ज्यांना चालत येणे होत नाही त्यांनी निरोप धाडावा, आम्ही घरी येऊ.