फोटो पेपर घेताना नावावर जाऊ नका

स्टुडिओ आणि छपाईचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना इंकजेट फोटो पेपरच्या पाकिटांवरील नावांनी बेजार केले आहे. ग्लॉसी, हाय ग्लॉसी, प्रीमियम, अल्ट्रा प्रीमियम, सॅटिन, लस्टर, पर्ल! आम्ही कापडाच्या धंद्यातले. ‘आर्ट सिल्क’मधला ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे, ‘आर्टिफिशियल’, हे गिऱ्हाइकाला आम्हाला नेहमी समजावून सांगावे लागते. कागदातही तोच प्रकार आहे.

नाव बदलले म्हणजे माल बदलला असे नाही. एप्सन कंपनीचा ‘आर्कायव्हल मॅट’ पुढे ‘एन्हान्स्ड मॅट’ झाला आणि नंतर अमेरिकेत त्यालाच ‘अल्ट्रा प्रीमियम प्रेझेंटेशन पेपर मॅट’ म्हणू लागले. उलट इलफोर्डच्या गॅलरी मालिकेत ‘क्लासिक पर्ल’ आणि ‘स्मूथ पर्ल’ ही नावे सख्ख्या भावांसारखी होती, पण माल वेगळा होता. क्लासिकचा थर शाई पिऊन फुगणारा, सावकाश वाळणारा. स्मूथचा थर सूक्ष्म छिद्रांचा, छापताच कोरडा होणारा. नावावरून हे कोणाला कळणार?

नुकसान होते ते इथेच. इंकजेटची शाई मुख्यतः दोन प्रकारची. डाय शाईत रंग विरघळलेला असतो, पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. फुगणाऱ्या थरात डाय आत मुरते व सुरक्षित राहते; पिगमेंटचे कण मात्र वरच राहतात आणि बोटाने पुसले जातात. छिद्रांच्या थरावर दोन्ही शाया चालतात, पण तिथे डायला हवा बाधते. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरवर प्रीमियम ग्लॉसी कागदावर काढलेले काही फोटो थोड्याच दिवसांत नारिंगी पडले. हवेतील ओझोनने हे घडले. लग्नाच्या अल्बमचे असे झाले तर पैशाबरोबर दुकानाची अब्रूही जाते.

तेव्हा खरेदी करताना इतके पाहावे :

१) पाकिटाची पाठ वाचावी. कागद डायसाठी आहे, पिगमेंटसाठी की दोन्हींसाठी, हे विचारून घ्यावे.

२) ग्रॅमचा आकडा वजन सांगतो, दर्जा नव्हे. आरसी कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा थर असतो, त्यामुळे तो शाईच्या ओलाव्याने सुरकुतत नाही. कागद जाड आहे म्हणजे आरसी आहे असे समजू नये.

३) आधी एकच पाकीट आणावे. फोटो काढून एक दिवस वाळू द्यावा, मग बोट फिरवून पाहावे. दुसरा फोटो अर्धा झाकून काही आठवडे उन्हावाऱ्यात ठेवावा व दोन्ही भागांचे रंग ताडून पाहावेत.

४) बिलावर नुसते ‘ग्लॉसी’ नको. कंपनी, कोड नंबर आणि ग्रॅम लिहून घ्यावेत. पुढची खेप वेगळी निघाली तर व्यापाऱ्याशी बोलायला हाती पुरावा राहतो.

पाकिटावर नाव कंपनीचे असते, पण गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते ते आपल्याच दुकानी.