केमोथेरपीजन्य हृदयहानी आणि मायक्रोआरएनए

केमोथेरपीजन्य हृदयहानी म्हणजे कर्करोगावरील औषधांमुळे हृदयस्नायूला होणारी इजा होय. मायक्रोआरएनए हे सुमारे २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे आरएनए रेणू या प्रक्रियेत सहभागी असतात. या इजेचे निदान लवकर व्हावे यासाठीही त्यांचा अभ्यास केला जातो.

पार्श्वभूमी

डॉक्सोरुबिसिन हे औषध स्तनाचा कर्करोग, लिंफोमा इत्यादी रोगांवर वापरले जाते. हृदयावरील त्याचा दुष्परिणाम साठत जातो. म्हणून आयुष्यभरातील एकूण मात्रा साधारणतः शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरमागे ४५० ते ५५० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवतात. या औषधामुळे हृदयपेशींतील डीएनए तुटतो आणि तंतुकणिकांचे कार्य बिघडते. प्रौढ हृदयात नव्या स्नायूपेशी फारच कमी तयार होतात. त्यामुळे कर्करोग बरा झाल्यावर अनेक वर्षांनीही रुग्णाला हृदयनिकामीपणा येऊ शकतो.

मायक्रोआरएनएचे कार्य

व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रुवकुन यांनी १९९३ साली सूत्रकृमीतील मायक्रोआरएनएचे कार्य उलगडले. त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मायक्रोआरएनए संदेशवाहक आरएनएला चिकटून विशिष्ट प्रथिनाची निर्मिती रोखतात. प्राण्यांवरील प्रयोगांत डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयातील मायक्रोआरएनए-३४ए वाढल्याचे दिसले. तो सर्ट१ या संरक्षक प्रथिनाची निर्मिती घटवतो व पेशीमृत्यूला चालना देतो. मायक्रोआरएनए-१४६ए हा ईआरबीबी४ हे ग्राही प्रथिन कमी करतो. ट्रास्टुझुमॅब हे औषध त्याच्या जोडीदार ग्राहीला, ईआरबीबी२ ला, अडवते. ही दोन्ही औषधे एकत्र दिल्यास हृदयाचा धोका का वाढतो, याचे अंशतः स्पष्टीकरण यातून मिळते.

निदानातील उपयोग

इकोकार्डिओग्राफीत हृदयाची क्षमता घटलेली दिसेपर्यंत बरीच हानी झालेली असते. रक्तातील ट्रोपोनिन वाढल्यास इजेची सूचना त्याआधी मिळू शकते. मायक्रोआरएनए-१ व २०८ए हे हृदयस्नायूत विपुल असून पेशींना इजा झाल्यास रक्तात उतरतात. मात्र निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. नमुना हाताळताना तांबड्या पेशी फुटल्यास काही मायक्रोआरएनएची पातळी बदलते. त्यामुळे ही चाचणी नेहमीच्या उपचारात रुजलेली नाही.

पुण्यातील संदर्भ

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे पेशीभांडार देशभरातील संशोधकांना पेशीवाण पुरवते. उंदराच्या भ्रूणहृदयापासून मिळवलेला एच९सी२ हा त्यांपैकी एक होय. भारतातील अनेक प्रयोगशाळा डॉक्सोरुबिसिनचा हृदयपेशींवरील परिणाम व त्यापासून संरक्षण देणारी द्रव्ये तपासण्यासाठी हा वाण वापरतात. पेशीसंवर्धनातील निष्कर्ष रुग्णाला लागू करण्यापूर्वी प्राण्यांवरील व मानवी चाचण्या आवश्यक असतात.