नाताळची प्रेमकथा आणि जुने नाट्यगृह

डिसेंबरच्या तोंडावर अमेरिकेत ज्या हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्या मोठ्या संख्येने बाजारात येतात, त्यांतील एक कथानक वाचकांच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे: लहानशा गावातील जुने नाट्यगृह बंद पडण्याच्या बेतात असते, शहरात स्थिरावलेली नायिका सुट्टीपुरती घरी येते, नाट्यगृहाची डागडुजी करणाऱ्या तरुणाशी तिचे आधी खटके उडतात, आणि नाताळच्या आदल्या रात्री होणाऱ्या प्रयोगात वास्तू व प्रेम ही दोन्ही एकदमच वाचतात. सणाच्या मुहूर्तावर वाचनीय मजकूर विकण्याची प्रथा मात्र या कादंबऱ्यांहून बरीच जुनी आहे. चार्ल्स डिकन्स यांची 'अ ख्रिसमस कॅरल' १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली. पुढे इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक रूढ झाले, आणि त्यांचाच आदर्श समोर ठेवून काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, त्यामुळे सणासाठी राखून ठेवलेल्या वाचनाचे अप्रूप मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रेमकथेला नेमके नाट्यगृहच का मानवते, याचे उत्तर त्या वास्तूंच्या सौंदर्यापेक्षा त्यांच्या इतिहासात अधिक सापडते. १९२० च्या दशकात अमेरिकेत 'चित्रपट-प्रासाद' म्हणून ओळखली जाणारी भव्य प्रेक्षागृहे उभी राहिली. त्या काळी मूकपटाच्या जोडीला गाणी, नृत्ये आणि विनोदी प्रवेश सादर होत असल्यामुळे या इमारतींत पडद्याच्या बरोबरीने खरा रंगमंच, रंगपट आणि नळ्यांचे ऑर्गनही असे. संगीत नाटकाच्या साथीला वाजणाऱ्या ऑर्गनहून हे वाद्य फार वेगळे, कारण त्याच्या शेकडो, प्रसंगी हजारो नळ्या भिंतींआडच्या दालनांत बसवलेल्या असत. जॉन एबरसन या वास्तुरचनाकाराने १९२३ मध्ये ह्यूस्टनच्या मॅजेस्टिक थिएटरपासून 'वातावरणीय' शैली लोकप्रिय केली, म्हणजे छताला आकाशाचे रूप देऊन त्यावर चांदण्या आणि सरकते ढग दाखवायचे, जेणेकरून प्रेक्षकाला आपण एखाद्या उघड्या अंगणात बसलो आहोत असा भास व्हावा. हा थाट फार काळ टिकला नाही. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने चित्रपट-कंपन्यांची चित्रपटगृहांवरील मालकी मोडीत निघण्यास सुरुवात झाली, दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली, मध्यमवर्ग उपनगरांत राहायला गेला, आणि शहराच्या मध्यभागातील या प्रचंड इमारतींपेक्षा त्यांखालची जमीन महाग ठरू लागली. न्यूयॉर्कचे रॉक्सी थिएटर १९२७ मध्ये उघडले आणि १९६० मध्ये पाडले गेले.

अटलांटातील फॉक्स थिएटरची हकिकत या संदर्भात विशेष लक्षवेधी आहे, कारण ते उघडलेच नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १९२९ रोजी. मशिदीसारखे घुमट व मिनार, इजिप्शियन धाटणीची दालने, चांदण्यांचे छत, साडेचार हजारांहून अधिक आसने आणि ३,६२२ नळ्यांचे ऑर्गन असा त्याचा पसारा होता. परंतु महामंदीचा काळ सुरू झाल्यामुळे काही वर्षांतच मालकांवर दिवाळखोरीची वेळ आली. पुढे चित्रपटगृह म्हणून त्याचे दिवस बरे गेले, तरी १९७० च्या दशकाच्या मध्यास एका टेलिफोन कंपनीला त्या जागी आपले कार्यालय उभारायचे होते. तेव्हा नागरिकांनी मोहीम उभारली, १९७५ मध्ये एका ना-नफा संस्थेने कर्ज काढून इमारत विकत घेतली, १९७६ मध्ये लिनर्ड स्किनर्ड या रॉक वाद्यवृंदाने तेथे कार्यक्रम करून मोहिमेला हातभार लावला, आणि १९७८ मध्ये ते कर्ज फिटले. मोडकळीला आलेले ऑर्गन त्याआधीच दुरुस्त करणारे जो पॅटन यांना थिएटरमध्येच राहण्याचा आजीव हक्क मिळाला, आणि २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे बिऱ्हाड त्या इमारतीतच होते. कादंबरीकाराने असे पात्र कल्पनेने रंगवले असते, तर संपादकाने ते बहुधा अतिरंजित म्हणून छाटले असते.

कादंबऱ्यांच्या दृष्टीने या इतिहासाचे मोल असे, की त्यात मुदत, धोका आणि अनेकांनी मिळून करायचे काम या तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात. प्रेमकथेतील दोन माणसांना एकत्र आणण्यासाठी लेखकाला योगायोगांची रास रचावी लागत नाही. जुन्या खुर्च्यांचे कापड बदलणे, दोरखंड तपासणे, तिकीटविक्रीचा हिशेब लावणे ही कामेच त्यांना आपोआप एकत्र आणतात. प्रयोग संपल्यावर रिकाम्या रंगमंचावर अंधारात कोणी पडू नये म्हणून जो एक उघडा दिवा रात्रभर तेवत ठेवतात, त्याला तेथील रंगकर्मी 'भुताचा दिवा' म्हणतात, आणि एकांतातील संवादाला याहून सोयीची प्रकाशयोजना सापडणे अवघड आहे. एका प्रयोगाने बुडती वास्तू तरते हा कल्पनाबंध चित्रपटानेही आधीच रुळवला होता: १९५४ च्या 'व्हाइट ख्रिसमस'मध्ये बर्फ न पडल्याने ओस पडलेल्या व्हरमाँटमधील पांथशाळेला दोन कलावंत असाच हात देतात.

या कादंबऱ्यांची खरी उणीव प्रेमाच्या चित्रणात नसून हिशेबात आहे. एका रात्रीच्या तिकीटविक्रीने छत, वीजवाहिन्या आणि अग्निसुरक्षेची व्यवस्था यांचा खर्च भागत नाही. प्रत्यक्षात वाचलेल्या नाट्यगृहांमागे बँकेचे कर्ज, ऐतिहासिक इमारतींच्या जीर्णोद्धारावर मिळणारी करसवलत, वारसास्थळ म्हणून मिळालेले कायदेशीर संरक्षण आणि वर्षानुवर्षे कंटाळवाण्या बैठकांना बसणारे नागरिक असतात. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये नाताळचा खास कार्यक्रम १९३३ पासून होत आला होता, आणि तरीही १९७८ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली; अंतर्भागाला वारसादर्जा देण्याच्या निर्णयाचा ते वाचण्यात मोठा वाटा होता. हा तपशील रूक्ष वाटला, तरी अर्जावर सही मिळवण्यासाठी महिनोन्महिने एकमेकांसोबत रांगेत उभ्या राहिलेल्या दोघांचे प्रेम, बर्फ पडू लागताच जुळलेल्या प्रेमापेक्षा वाचकाला अधिक पटेल, आणि या प्रकारातील बहुतेक लेखक ती संधी दरवर्षी वाया घालवतात.