हाताचा बोल आणि काठीचा ठोका : पालघर-बोईसर परिसरातील बेंजो-वादनाच्या निमित्ताने

लग्नसराईच्या दिवसांत सातपाटीपासून चिंचणी-तारापूरपर्यंतच्या किनारपट्टीत, तसेच पालघर व बोईसरच्या वस्त्यांतून, हळदीच्या रात्री आणि वरातीच्या वाटेवर बेंजो-पथकांचे वादन ऐकू येते. या पथकांत ढोलकी किंवा ढोलक हे हाताने वाजविण्याचे वाद्य आणि काठीने वा पायाने वाजविण्याचा छोटा ड्रमसंच ही दोन्ही एकाच वेळी, एकाच लयीत वाजतात. वरवर पाहता हा केवळ आवाज वाढविण्याचा उपाय वाटतो. परंतु त्यात दोन निराळ्या परंपरांचा मेळ घालण्याचा एक खरा प्रश्न दडलेला आहे. हा प्रश्न जितका संगीताचा, तितकाच भाषेचाही आहे. कारण या दोहोंपैकी एका परंपरेला स्वतःचे उच्चारशास्त्र आहे आणि दुसरीला ते नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. नावांचा प्रवास

प्रथम 'बेंजो' या नावाचाच विचार करणे सोयीचे होईल. अमेरिकेतील बॅन्जो हे आफ्रिकी वंशाच्या लोकांनी घडविलेले, कातडे ताणलेले तंतुवाद्य होय. महाराष्ट्रात ज्याला बेंजो म्हणतात ते वाद्य मात्र सर्वस्वी वेगळे. १९१२ साली जपानातील नागोया येथे गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' नावाचे तंतुवाद्य तयार केले. ते हिंदुस्थानात येऊन 'बुलबुलतरंग' झाले आणि महाराष्ट्रात बेंजो या नावाने रूढ झाले. पुढे त्याला विजेची जोड मिळाली. आज तर 'बेंजो' या शब्दाने एका वाद्याचा नव्हे, तर संपूर्ण पथकाचा बोध होतो. 'हळदीला बेंजो सांगितला आहे' या वाक्यात ढोलकी, ड्रम, झांज आणि वादक हे सर्व अभिप्रेत असते. अंशाचे नाव समग्राला लागण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

'ड्रम' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ड्रम म्हणजे तेलाचे वा रसायनाचे पिंप. त्याच दिवशी संध्याकाळी वरातीत ड्रम म्हणजे वाद्य. श्रोत्याचा गोंधळ होत नाही, कारण संदर्भ अर्थाची निवड करून देतो.

२. ड्रमसंच म्हणजे काय?

पाश्चात्त्य लष्करी वाद्यवृंदात मोठा ढोल, तारा लावलेला बाजूचा छोटा ड्रम आणि झांजा ही तीन वाद्ये तीन माणसे वाजवीत. अमेरिकेतील नाट्यगृहांत व नृत्यगृहांत जागेची आणि पैशाची टंचाई असल्यामुळे हे काम एकाच माणसाकडे आले. १९०९ साली विल्यम लुडविग यांनी वेगाने चालणारे पायपट्टीचे साधन प्रचारात आणले. मोठा ढोल पायाखाली गेला आणि दोन्ही हात मोकळे झाले. पुढे १९२० नंतरच्या दशकात पायाने मिटणारी झांजांची जोडीही आली. अशा रीतीने तीन वादकांचा एक वादक झाला.

मराठी कानाला ही वाद्ये परकी वाटण्याचे कारण नाही. ढोल, ताशा आणि झांज ही त्रयी त्याच्या परिचयाची आहे. मोठा ढोल खर्जाचा भाग सांभाळतो, ताशा दोन बारीक काठ्यांनी दाट व तीव्र आघात देतो आणि झांज सर्वांच्या वर चमकते. भाषेने ही विभागणी केव्हाच नोंदविली आहे. मोठ्या ढोलासाठी 'ढमढम', ताशासाठी 'तडतड' आणि झांजेसाठी 'झणझण' हे अनुकरणवाचक शब्द मराठीत आहेत. ढोलाला घोष महाप्राण, ताशाला अघोष आरंभ आणि झांजेला अनुनासिकाने लांबणारा ध्वनी योजावा, हे भाषिकांना कोणी शिकविलेले नाही. ड्रमसंच म्हणजे एका आसनावर आणलेले ढोल-ताशा-झांजच होय, असे म्हणावयास हरकत नाही.

एका वादकाने दोन भिन्न ध्वनींची चर्मवाद्ये वाजविण्याची कल्पनाही महाराष्ट्राला नवी नाही. गोंधळ्याच्या संबळात दोन वाद्ये जोडलेली असतात आणि ती दोन निराळ्या आकारांच्या काठ्यांनी वाजविली जातात.

येथे एक उलट क्रियाही ध्यानात घेण्याजोगी आहे. ड्रमसंच बसून वाजविण्यासाठी एकत्र आला. वरात मात्र चालते. त्यामुळे चालत्या पथकात हा संच पुन्हा फुटतो आणि त्याचे भाग दोघा-तिघांच्या गळ्यात जातात. पथक टेम्पोवर किंवा मांडवात असेल तरच एकाच वादकाचा छोटा संच शक्य होतो. अशा वेळी बावीस इंचांच्या नेहमीच्या पायढोलाऐवजी सोळा वा अठरा इंचांचा पायढोल, एक बाजूचा ड्रम आणि मिटणाऱ्या झांजांची जोडी एवढे पुरेसे होते.

३. हाताच्या वाद्याची भाषा

ढोलकीच्या उजव्या पुडीवर बाहेरून शाई असते आणि डाव्या पुडीला आतून लेप असतो. या लेपाचे महत्त्व चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये व पुढे १९३४ मध्ये दाखवून दिले. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी नसतात. शाईच्या भारामुळे ते सुसंवादी होतात. म्हणून मृदंग, तबला व ढोलकी यांच्या शाईच्या पुडीला निश्चित स्वर मिळतो. ड्रमसंचाला तो या अर्थाने मिळत नाही. ढोलकी बेंजोच्या स्वराशी मिळविता येते, ड्रम तसा मिळविता येत नाही, हा या जोडणीतील पहिला भेद होय.

दुसरा भेद बोलांचा. हाताच्या वाद्याचा प्रत्येक आघात उच्चारता येतो आणि ते उच्चार यदृच्छेने योजलेले नाहीत. तबल्याची बोलपद्धती पाहिली तर डाव्या हाताचे बोल प्रायः कंठ्य असतात : के, गे, घे. उजव्या हाताचे दंत्य किंवा मूर्धन्य : ता, ना, तिं, ट. डावा हात दाबून मारला की नाद उठत नाही, आणि बोलही अघोष राहतो : के. तोच हात मोकळा सुटला की खर्जाचा नाद घुमतो, आणि बोल घोष होतो : गे, घे. दोन्ही हात एकत्र आले की घोष महाप्राण दंत्य वर्ण येतो. ता आणि गे मिळून धा, तिं आणि गे मिळून धिं. उजव्या हाताचा नाद रेंगाळला तर अनुनासिक येते, तुटला तर ट येतो. ही व्यवस्था सर्वस्वी काटेकोर नाही. एकाच आघाताला कोठे ता तर कोठे ना म्हणतात. तथापि घोषत्व म्हणजे खर्जाचा नाद हे तिचे मुख्य सूत्र पक्के आहे.

४. मेळ कोठे बिघडतो?

आता आठ मात्रांचा केरवा घ्यावा : धा गे ना ति । न क धि न. वरील सूत्राने पाहिले तर पहिली, दुसरी आणि सातवी या मात्रांवर खर्जाचा नाद आहे. उरलेल्या मात्रांवर तो नाही. पाचव्या मात्रेवर खाली आहे, म्हणजे तेथे खर्जाचे मौन हेच तालाचे वैशिष्ट्य आहे.

पाश्चात्त्य चालीचा सर्वसामान्य ड्रमवादक याच आठ मात्रांत पायढोल पहिल्या व पाचव्या मात्रेवर आणि बाजूचा ड्रम तिसऱ्या व सातव्या मात्रेवर वाजवितो. याचा परिणाम उघड आहे. जेथे ढोलकी बुद्ध्याच गप्प बसते, नेमका तेथेच पायढोल बोलतो. आणि सातव्या मात्रेवर धि परत येतो तेव्हा बाजूच्या ड्रमच्या कडाडण्याने तो झाकला जातो. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर अघोष वर्णांवर घोषत्व लादले जाते आणि दोन निराळ्या वर्णांतील भेद लोपतो. ऐकणाऱ्याला लय कळते, पण ताल कळत नाही.

यावरील उपाय कठीण नाही. पायढोल पहिल्या व सातव्या मात्रेवर ठेवावा, दुसरी मात्रा ढोलकीच्या गे साठी मोकळी सोडावी आणि पाचव्या मात्रेवर बाजूच्या ड्रमच्या काठावर हलका, कोरडा आघात द्यावा. मग ड्रमसंच खाली झाकीत नाही, उलट ती दाखवितो. मिटलेल्या झांजांनी सर्व मात्रा मोजल्या तरी चालते. मात्र त्या उघड्या सोडल्या तर शाईच्या पुडीचा ना त्यांत बुडतो. पायढोलात कापडाची घडी ठेवून त्याचा नाद आखूड केला की डाव्या पुडीचा घुमारा वेगळा ऐकू येतो. पाचव्या मात्रेवर पायढोल वाजविणे ही चूकच आहे असे मात्र नव्हे. नाचणाऱ्यांना तो जोर हवासा वाटतो. परंतु तो घेताना काय द्यावे लागते हे वादकाला ठाऊक असावे.

सहा मात्रांच्या चालींत अशी अडचण कमी येते. कोळीगीतांच्या पुष्कळ चालींना सहा मात्रांची झुलती लय असते. तेथे ड्रमवादक पायढोल पहिल्या आणि बाजूचा ड्रम चौथ्या मात्रेवर वाजवितो. दादऱ्याची खालीही चौथ्याच मात्रेवर असल्याने खर्जाचे मौन आपोआप पाळले जाते. किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांच्या गीतांशी ड्रमचे सहज जमावे, याचे एक कारण येथे सापडते.

५. चित्रपटसंगीताचा दाखला

मुंबईच्या चित्रपटसंगीतात हा मेळ पूर्वीच साधला गेला. शंकर-जयकिशन यांचे सहायक दत्ताराम यांचा ढोलकावरील ठेका त्यांच्याच नावाने ओळखला जातो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात मारुतीराव कीर, होमी मुल्लन, मादलवादक रणजित गजमेर आणि ड्रमवादक फ्रँको वाझ हे एकत्र वाजवीत. परंतु ध्वनिमुद्रणगृहात प्रत्येक वाद्यापुढे निराळा ध्वनिग्राहक ठेवता येतो व हाताच्या वाद्याचा आवाज हवा तेवढा उचलता येतो. रस्त्यावर ही सोय तुटपुंजी असते. तेथे वाद्यांची विभागणी आवाजाने नव्हे, तर मात्रांनी करावी लागते. पथकाची कसोटी म्हणूनच अधिक कठीण आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावरही बंधन आहे. तेव्हा केवळ आवाज चढवून मेळ साधण्याचा मार्ग कायद्यानेही अडविलेला आहे.

६. काय जपावयाचे?

१ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झालेल्या पालघर जिल्ह्यात वारल्यांचा तारपा, धोडियांची तूर व काशाची थाळी, कोळ्यांची गीते आणि औद्योगिक वसाहतीमुळे आलेल्या परप्रांतीयांच्या चाली शेजारी शेजारी नांदतात. अशा ठिकाणी वाद्यांची सरमिसळ होणारच, आणि तीबद्दल खेद करण्याचे कारण नाही. बेंजो स्वतःच तशा सरमिसळीतून जन्मला आहे.

चिंता असावी ती बोलांची. ढोलकी शिकणारा मुलगा आधी तोंडाने ठेका म्हणतो, मग हाताने वाजवितो. त्यामुळे ताल त्याच्या वाणीत राहतो आणि वाद्य जवळ नसतानाही एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ड्रमसंच वा विजेवरील पॅड यांवर शिकणाऱ्याला आकडे मोजणे पुरते; बोलांवाचून त्याचे अडत नाही. खर्जाचे सारे काम पायढोलाकडे गेले की ढोलकीवादकाचा डावा हात निरुपयोगी ठरू लागतो. डावा हात थांबला म्हणजे गे, घे, धा, धिं हे घोष बोल प्रथम हातातून आणि नंतर तोंडातून जातात. मागे उरतात ते अघोष बोल, म्हणजे अर्धी वर्णमाला.

तेव्हा पथकात नव्याने येणाऱ्या ड्रमवादकाने काठी हाती घेण्यापूर्वी ढोलकीवाल्याजवळ बसून ठेका मुखोद्गत करावा, हा उपाय साधा असला तरी मूलगामी आहे. ज्याला खाली उच्चारता येते त्याचा पाय तेथे आपोआप थबकतो.