पाण्याची रेल्वे आणि न दिसणारे हवामान

११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी भरून रेल्वे निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. कुर्डुवाडी-लातूर या त्याच मार्गावर आमचे ढोकी स्थानक आहे. त्या रेल्वेची दृश्ये देशभर दाखवली गेली. मराठवाड्याच्या दुष्काळाचे इतके प्रभावी दृश्य मी दुसरे पाहिलेले नाही. तरीही हवामान बदलावर माहितीपट करणाऱ्याने या दृश्यापासून जरा सावध राहावे, असे मला वाटते.

पहिली अडचण भाषेचीच आहे. आजच्या उकाड्यालाही आपण ‘हवामान’ म्हणतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही ‘हवामान’च म्हणतो. कॅमेरा टिपतो तो आजचा दिवस. बदल झालेला असतो तो सरासरीत.

दुसरी अडचण जबाबदारीची. पाण्याच्या रेल्वेमागे २०१४ आणि २०१५ हे सलग तुटीचे पावसाळे होते, कोरडे पडलेले मांजरा धरण होते आणि उसाचे शेतही होते. राज्यातील लागवडीच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असा अंदाज वारंवार मांडला गेला आहे. माहितीपटाने सगळे खापर हवामान बदलावर फोडले, तर पाणीवाटपाचे निर्णय नामानिराळे राहतात. हवामान बदल वगळला, तर पुढच्या संकटाची तयारी राहून जाते.

तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा धो धो कोसळण्याची शक्यता वाढते. उघडीप पडली की तीच तापलेली हवा जमिनीतली ओल लवकर ओढून घेते. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यातील भूम-परंडा भागात महापूर आला. ‘दुष्काळही हवामान बदलामुळे आणि पूरही?’ असा प्रश्न पारावर विचारला जातो. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पडद्यावर मिळायला हवे.

हे दाखवता येते. ‘चेसिंग आइस’ (२०१२) या माहितीपटात छायाचित्रकार जेम्स बेलॉग यांनी हिमनद्यांसमोर कॅमेरे कायमचे रोवून वर्षानुवर्षे तीच चौकट टिपली. काळच डोळ्यांना दिसू लागला. आपल्याकडे हिमनदी नाही, विहीर आहे. दर मे महिन्यात तीच विहीर, त्याच काठावरून चित्रित करावी. सोबत त्या वर्षीचा पाऊस, शिवारातील पिके आणि नव्या बोअरची संख्या मांडावी. मग पावसाचा वाटा किती आणि उपशाचा किती, याचा विचार प्रेक्षक स्वतः करू लागतो.

शेवटचा मुद्दा पाहण्यानंतरचा. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यांत सुरू झाली. तिच्या प्रशिक्षणात चित्रफिती होत्या आणि त्या पाहणाऱ्याला उद्या सकाळी कुठे, काय खोदायचे हे कळत होते. नुसती भीती घरी नेणारा प्रेक्षक आठवड्यात सगळे विसरतो. गावात माहितीपट दाखवायचा, तर दिवे लागल्यावर गावाच्या पाण्याचा ताळेबंदही तिथेच मांडावा. जागृती म्हणायची ती तिथून पुढे.