अग्निरोधक झडप

इमारतीतील वायुवीजनाचा वा वातानुकूलनाचा नळ आगरोधक भिंतीतून किंवा मजल्याच्या स्लॅबमधून जेथे पार जातो, तेथे त्याच्या आत बसविलेली व आगीच्या वेळी आपोआप मिटणारी पोलादी झडप. व्यवहारात तिला ‘फायर डँपर’ म्हणतात. काही तास आग थोपविणाऱ्या भिंतीला नळासाठी भोक पाडले की, तिचा रोध तेवढ्यापुरता नाहीसा होतो. ते भोक वेळेवर बंद करणे, हे या झडपेचे कार्य होय.

नेहमीच्या प्रकारात घडी घातलेली पोलादी पाती नळाच्या वरच्या अंगास एका दुव्याने अडकवून ठेवलेली असतात. दोन धातुपट्ट्या नीच वितळबिंदूच्या मिश्रधातूने (उदा., बिस्मथ, शिसे, कथिल व कॅडमियम यांच्या) सांधून हा दुवा तयार करतात. साधारणपणे ७०° ते ७४° से. तापमानास तो सुटतो आणि पाती स्वभाराने किंवा स्प्रिंगेच्या जोराने मिटतात. झडप भिंतीच्या प्रतलातच पोलादी बाहीत बसवितात. बाही व नळ यांमधील सांधा मात्र मुद्दाम कच्चा ठेवतात. कारण आगीत नळ कोसळला, तर त्याने झडपेला ओढून नेता कामा नये. पंखा चालू असल्यास हवेच्या रेट्याने पाती अर्धवट अडकण्याचा संभव असतो. म्हणून आगीची सूचना मिळताच पंखा बंद करण्याची सोय तरी करतात किंवा प्रवाहाविरुद्ध मिटण्याची चाचणी झालेली झडप वापरतात.

दुवा उष्णतेने सुटतो, धुराने नव्हे. ही या साधनाची मोठी मर्यादा आहे. आगीपासून दूर गेलेला धूर निवलेला असतो व तो उघड्या झडपेतून सहज पुढे जातो. अमेरिकेतील लास व्हेगस येथील एमजीएम ग्रँड हॉटेलला २१ नोव्हेंबर १९८० रोजी लागलेली आग मुख्यतः खालच्या, कॅसिनोच्या भागातच राहिली. तथापि मृत्यू पावलेल्या ८५ जणांपैकी बहुतेक वरच्या मजल्यांवर धुराने व कार्बन मोनॉक्साइडाने दगावले. जिने, उद्वाहकांचे कूप व इमारतीतील सांधे यांबरोबरच वायुवीजनाचे नळही धुराची वाट ठरले होते. अशा ठिकाणी धूरसंवेदक व विद्युत् चलित्र यांवर चालणारी धूररोधक झडप किंवा दोन्ही कार्ये करणारी संयुक्त झडप लागते.

अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकानुसार झडप बसविल्यावर एका वर्षाने व पुढे दर चार वर्षांनी (रुग्णालयांत सहा वर्षांनी) ती पूर्ण मिटते की नाही, हे तपासावे लागते. त्यासाठी झडपेजवळ नळाला हात जाईल एवढे दार असावे लागते. पुष्कळदा ते कृत्रिम छताआड बुजते व झडप वर्षानुवर्षे कोणी पाहिलेलीच नसते.